पाठ काट्याकडे

लर्विकच्या इस्पितळात, वरच्या मजल्यावर,
शनिवारची सकाळ.
वाऱ्यामुळे अ‍ॅबर्डीनची बोट अजून बंदरातच.
आम्ही नऊ सुईणी, एक तरुण डॉक्टर,
आणि मधोमध जमिनीवर वजनकाटा,
ज्यावर रोज बायकांना उभं करतो आम्ही
आणि स्वतः कधी चढत नाही.

"चढा," शिकवायला आलेली इल्सा म्हणाली,
"पण पाठ आकड्यांकडे करून."

माझा नंबर आला. समोर भिंत,
भिंतीवर दूध पाजणारी, छापील हसणारी आई.
पायाखाली माझ्याबद्दल काहीतरी ठरत होतं
आणि मला ते दिसत नव्हतं.
उतरल्या उतरल्या तोंडातून गेलंच, "किती?"
इल्सा म्हणाली, "बघा ऊना. तुम्हीसुद्धा."

मग वहीत उतरवून घेतलं:
दातांची झिलई गेलेली. बोटांच्या सांध्यांवर जुने वण.
उलट्या, ज्यांची तिला तक्रार नाही.
वजन चारचौघींसारखंही असू शकतं.
याखाली रेघ मारली, दोनदा,
आणि पेन थांबलं.

विल्मा मुअट. अठ्ठ्याण्णवचा हिवाळा.
सातवा महिना, अंगावर लोकरीचे तीन थर,
आणि हात बर्फात ठेवलेल्या मासळीसारखे.
मी तिला म्हणाले होते, अगदी कौतुकाने,
"मागून बघितलं तर कळतसुद्धा नाही गं, पोटुशी आहेस!"
काय फुलली ती!
पुढच्या खेपेला आणखी थोडी कमी होऊन आली,
माझ्या शाबासकीसाठी.

बाळ जगलं. दोन किलोला थोडंसं कमी.
आता तो धक्क्यावर दोर टाकतो,
मला बघून हात हलवतो.
मीही हलवते.

डोहाळे सगळेच विचारतात.
काय खावंसं वाटतं गं? व्हिनेगर, खडू,
रात्री दोन वाजता हेरिंग?
कशाची भीती वाटते, ते राहून जातं.
खाल्लेलं अंगी लागो, असं आपण म्हणतो
आणि पुढ्यातल्या बाईला तेवढंच ऐकू येतं:
अंगी लागेल,
अंगी लागेल.

दुपारी नाटक. डॉक्टर झाला गरोदर,
उशी पोटाशी धरून. सगळ्या हसलो.
मी विचारलं, "तू नीट खातेस ना?"
इल्सा म्हणाली, "या प्रश्नात उत्तर आधीच भरून दिलंय तुम्ही.
तिने फक्त मान हलवायची."
पुन्हा विचारलं. पुन्हा चुकलं.
एकतीस वर्षं बोलून झिजलेली जीभ
शाळेतल्या पोरीसारखी अडखळली.
चौथ्यांदा डॉक्टरने उशी खाली ठेवली
आणि काहीच न बोलता खिडकीबाहेर बघत राहिला.
आम्ही कुणी हसलो नाही.

सोमवारी मेरन आली. विसावा आठवडा.
काट्यावर चढण्याआधी बूट काढले,
मग कार्डिगन,
मग कानातले, एक, दुसरं,
मग आंगठी ओढू लागली. आंगठीचं वजन ते किती.

"राहू दे," मी म्हणाले. "वळ माझ्याकडे.
आकडा तुला नको असेल तर माझ्यापाशी राहील."
ती वळली. एवढ्या जवळून
मी तिचा चेहरा कधी बघितला नव्हता;
माझी नजर नेहमी तिच्या पायांपाशी असायची.

बसलो. माझ्या पोटात गोळा.
"जेवणाशी तुझं कसं चाललंय?"
कुणाच्या नवऱ्याबद्दल विचारावं तसं विचारलं,
आणि थांबले.
रेडिएटर टकटक करत होता.
बाहेर पुढची बाई खोकली.

"तुम्ही कुणाला सांगाल?"
खोटं बोलणं सोपं होतं.
"हो," म्हणाले. "दोघींना. नावं सांगते तुला.
आणि जे सांगेन, ते तुझ्यासमोर."

तिने एक कानातलं घातलं.
दुसरं मुठीत धरून ठेवलं, बराच वेळ.

"पंधरा वर्षांची असल्यापासून,"
ती म्हणाली,
आणि मी टेबलावरचं घड्याळ
भिंतीकडे तोंड करून ठेवलं.